खुंटावरचं फूल

पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता तेव्हा चिमाजी हा कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावर माळी होता. तिथल्या सुवासिक विलायती गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, त्यानं रानगुलाबाच्या खुंटावर भरला आणि ते कलम बायकोच्या हौसेखातर परसात लावलं. सुभद्रेनं दोन वर्षं त्याला पाणी घातलं, मग छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. छाटणी करताना चिमाजीला दिसलं, भरलेला डोळा कधीच वाळून गेला होता. फोफावला होता तो खालचा रानगुलाब. त्यानं तिला सांगितलं नाही. थंडीत फुलं आली. “एक आणा की,” सुभद्रा म्हणाली. त्यानं तोडून आधी स्वतः हुंगलं, वास नव्हताच. तिनं फूल नाकाशी धरून डोळे मिटले. “अवं, काय गोड वास हाय!” चिमाजीनं मान खाली घातली. “बाकीची तोडू नगा. मी गेल्यावर घरात तेवढाच वास ऱ्हाईल.” “व्हय,” तो म्हणाला.