पंख्याची दोरी

वैशाखातल्या दुपारी जगदेव स्टुलावर चढला आणि छताला टांगलेल्या कापडी पंख्याच्या कप्पीत त्यानं एरंडेल सोडलं. आसेगावात वीज नव्हती. तान्ह्या लेकीसाठी हा पंखा त्यानंच केला होता. त्याची बायको प्रयाग पंख्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून डाळ निवडत बसायची आणि पाय हलवत पोरीला वारा घालायची. कप्पी सारखी कुरकुरायची.

"अवो, तेल टाका न जरा," ती रोज म्हणायची. त्याला सवड झाली नाही.

काल प्रयागची तेरवी झाली, आणि कप्पी अजून कुरकुरत होती.

"आता कायले तेल घालून राह्यला?" त्याच्या आईनं, मनकर्णाबाईनं, विचारलं.

"वाजून राह्यली न माय. पोरगी उठते."

"वाजंल कशी? दोरी तं म्याच कापली." म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "तिरडीवर ठेवताना तिच्या पायाचे दोन्ही अंगठे एकमेकाले बांधाले दुसरं काई सापडलं नाई."

जगदेवनं वर पाहिलं. कप्पीला वीतभर तुकडा लोंबत होता. तो उतरला, न्हाणीत हात धुतले. आवाज थांबला होता.

"घे, झालं तुह्या मनासारखं," तो पुटपुटला आणि त्याला हुंदका फुटला.

आत आला तर पोरगी गाढ झोपली होती. तिचं जावळ वाऱ्यानं भुरभुरत होतं. पंखा हलत होता, जराही न वाजता.

कापलेली दोरी पुन्हा खाली, प्रयागच्या जागेपर्यंत आली होती. तिच्या टोकाला अंगठ्याचा एकच फास असायचा.

आता दोन होते, आणि दोन्ही मिळून हलत होते.