खिशातला फ्यूज

फोरमननं बोर्डातला फ्यूज उपसून खिशात घातला, वरून खिसा थोपटला आणि शिडी उचलली.

"डावऱ्या, इथून हलायचं नाही. बोर्डाला कुणाचा हात लागता कामा नये."

"काळजी नको, काका. मी आहे ना," डावऱ्या म्हणाला.

अकरा वर्षं तो याच घडीची वाट पाहत होता.

कारखान्यातला हा शेवटचा जुना बोर्ड. बाकी सगळीकडे नवे ब्रेकर बसले होते. माणसाला झटका बसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडणारे. फोरमननं मालकाच्या हात धुऊन मागे लागून ते बसवून घेतले होते. जुना फ्यूज काय, तो तार वाचवतो, माणूस नाही. माणूस चिकटून मेला तरी फ्यूजची तार शाबूत. म्हणजे उद्यापासून या छपराखाली कुणाला मारायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. जे काय करायचं ते आजच.

डावऱ्याचा थोरला भाऊ इथंच लाइन दुरुस्त करताना गेला. दादा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. वायरमनची रीत त्यानं पाळली होती: फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे लाइन कुणाला चालू करता येत नाही. तो फ्यूज त्याच्या खिशात तसाच सापडला. कुणीतरी रिकामी जागा बघून दुसरा खुपसला होता.

"मी लावला," फोरमननं चौकशीत सांगितलं. "पुढच्या बोर्डात. न विचारता लावला. चूक माझी."

दोन वर्षं त्याचा परवाना गेला. तिसऱ्या वर्षी गडी पक्कड-पाने घेऊन पुन्हा हजर! दादा काही परत आला नाही. वहिनी माहेरी गेली ती गेलीच. आई अजून दोन ताटं मांडते आणि एक उचलून ठेवते. एका माणसाच्या जिवाची किंमत दोन वर्षं? डावऱ्याचं रक्त तेव्हापासून खदखदत होतं.

तो तेव्हा कामावर नवा होता, जेमतेम आठ दिवसांचा. आदल्या संध्याकाळी दादानं त्याला फ्यूजला तार बांधायला शिकवलं होतं.

"अरे, स्क्रू फिरतो तसा वेढा घाल! नाहीतर आवळताना तार सुटते. तू म्हणजे सगळं जगाच्या उलटं." दादा पोट धरून हसला, पण तो फ्यूज त्यानं डावऱ्याच्याच खिशात टाकला. "असू दे. आपला फ्यूज आपणच बांधायचा, आपणच लावायचा. दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी शिवणखात्यातल्या बायका पंखे बंद म्हणून कावल्या होत्या. डावऱ्यानं मागच्या बोर्डात आपला फ्यूज लावला, पंखे फिरले, बायकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यातला पहिला फ्यूज! चहा पाजल्याशिवाय त्यांनी त्याला सोडलं नाही. मग तो दादाला सांगायला धावला, तर हॉलमध्ये ही गर्दी.

त्यानंतर दोन वर्षं त्यानं फ्यूजला हात लावला नाही. नुसते दिवे पुसले, केबली ओढल्या. फोरमन परतला तेव्हा त्यानंच डावऱ्याला हाताखाली घेतलं आणि पहिला आठवडाभर त्याच्याकडून फक्त वेढे घालून घेतले; सरळ, सगळ्यांसारखे, बोटं सोलून निघेपर्यंत. एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा तो काच! लोक म्हणाले, केवढं मन आहे फोरमनचं. डावऱ्या मनात म्हणाला, मन कसलं, पापाची टोचणी. आणि तो तोंडावर गोड राहिला.

हत्यारांची पेटी बोर्डाखालीच होती. तिच्या कोपऱ्यात फडक्याची एक पुरचुंडी असायची. फोरमन तिला कुणाला शिवू देत नसे. आज सकाळीच डावऱ्यानं विचारलं होतं, "काका, यात आहे तरी काय?"

"तुझ्या दादाच्या दिवशीचा फ्यूज. बोर्डातून मीच काढला होता."

"मग जपता कशाला?"

"दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. आज हा शेवटचा बोर्ड निघाला की तोही नदीत टाकणार आहे."

नदीत टाकणार! एवढ्या स्वस्तात सुटणार हा? डावऱ्यानं खिशात दुसरा फ्यूज आणला होता, पण ते ऐकलं आणि त्याचा बेत बदलला. ज्यानं दादाला खाल्लं, त्यानंच याला खायचं. जशास तसं.

त्यानं पुरचुंडी उचलली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला फोरमन शिडीवर चढून उघड्या तारा दोन्ही हातांनी पिळत होता. हातमोजे खालीच राहिले होते. खिशात फ्यूज असताना हातमोजे कशाला?

"काका!"

"काय रे?"

"काही नाही. दादाची आठवण झाली."

फोरमनचे हात क्षणभर थांबले. "मला रोज होते," तो म्हणाला. "बोर्डापाशीच आहेस ना?"

"बोर्डापाशीच आहे."

डावऱ्यानं फडक्याची गाठ सोडली. चिनी माती पिवळी पडली होती, स्क्रू गंजले होते. त्यानं फ्यूज रिकाम्या जागेसमोर धरला. आता नुसता अंगठा दाबायचा होता.

पण लावण्याआधी तार बघून घ्यायची, ही फोरमननंच लावलेली सवय. हात आपोआप वळला आणि त्यानं फ्यूज पालथा केला.

तार शाबूत होती. दोन्ही स्क्रूंवर तिचे वेढे उलटे होते.