उसनवारी

हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्रपाली आणि पायल रोज शेजारी बसायच्या. मंदीत आम्रपालीची नोकरी गेली, बँकेचे हप्ते थकले, तेव्हा तिनं तीनदा पायलपुढेच हात पसरला. चौथ्यांदा पायलनं फोन उचलला नाही, आणि नंतर कधीच उचलला नाही.

आम्रपालीनं मनात राग ठेवला नाही. निम्म्या पगाराची नोकरी पत्करली, संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, आधी बँकेचं कर्ज फेडलं आणि मग पायलचे चाळीस हजार पै पै करून जमवले. एवढ्या काळात मनातलं बोलायला तिला कुणी उरलं नव्हतं. पैसे परत केले की पायल पूर्वीसारखी हाताला धरून आत नेईल, चहा टाकेल, असं तिला वाटत होतं.

रविवारी पैशांचं पाकीट पर्समध्ये जपून ठेवून, मंडईतून पायलच्या आवडीचे अंजीर घेऊन ती वाकडला गेली. बेल वाजवली. पायलनं आतलं दार उघडलं, पण सेफ्टी डोअर लावलेलंच ठेवलं.

“पायल, अगं मी...”

“थांब जरा,” म्हणत पायल आत गेली आणि लगेच परत आली.

 

गजांमधून पाचशेची नोट बाहेर सरकवत ती म्हणाली, “एवढेच आहेत गं. आता पुन्हा येऊ नकोस.”