राजपुत्र उतरलाच पाहिजे

ओटाकार किल्ल्याचं फाटक घासत होता. लाल अक्षरं चांगली वीतभर होती: 'राजपुत्र उतरलाच पाहिजे!' 'पाहिजे' निघालं होतं, 'राजपुत्र' काही निघेना.

मागे मोटार थांबली आणि बोहदाना उतरली. पुढच्या काचेवर अंड्याचा बलक वाळून चिकटला होता.

"राहू द्या ते, काका. उद्या पुन्हा लिहितील."

"मग उद्या पुन्हा घासू," ओटाकार म्हणाला आणि बादली घेऊन तिच्या काचेकडे वळला.

बोहदाना दिग्दर्शक होती, प्रागहून आलेली. पन्नास वर्षांपूर्वी लेस्नोव्हच्या याच किल्ल्यात एका परीकथेवर सिनेमा झाला होता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तळलेला कार्प मासा आणि बटाट्याचं सॅलड पुढ्यात घेऊन अख्खा देश अजूनही तो बघायचा. त्यात राजकन्येची अंगठी किल्ल्याच्या विहिरीत पडते. राजपुत्र दोराला धरून खाली उतरतो, अंगठी वर आणतो आणि लग्न लागतं. बोहदाना तोच सिनेमा नव्याने करत होती. तिची राजकन्या अंगठी स्वतःच विहिरीत फेकते, घोड्यावर बसते आणि निघून जाते. विहिरीत कुणी उतरतच नाही.

ही बातमी छापून आली आणि गहजब झाला. सव्वा लाख सह्या जमल्या. कुणी लिहिलं, आमचं बालपण विकायला काढलंय. कुणी बोहदानाच्या आईच्या घरचा पत्ता जाहीर केला. लेस्नोव्हमधल्या मोर्चाची पुढारी होती बेकरीवाली मिलोस्लावा. लहानपणी ती त्या सिनेमात गर्दीत उभी राहिली होती, आणि ते तिने गावाला कधी विसरू दिलं नव्हतं.

गावात बोहदानाच्या बाजूचा माणूस एकच. किल्ल्याचा राखणदार ओटाकार.

"तुला माझे जॅम भरलेले कोलाच मिळायचे नाहीत," त्या दुपारी मिलोस्लावाने त्याला दुकानात ऐकवलं. "त्या प्रागवालीला सांग भाजायला. पाव तेवढा ने."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "त्याला पळणारी राजकन्या आवडणारच. घरचा अनुभव आहे!"

दुकान खदखदून हसलं. ओटाकारने टोपी सारखी केली. "खरं आहे बाबा," तो म्हणाला आणि पाव घेऊन निघाला.

सव्वीस वर्षांपूर्वी त्याची बायको व्लास्ता एका अकॉर्डियन वाजवणाऱ्याबरोबर ऑस्ट्रियाला निघून गेली होती. ओटाकारनेच ते गावाला सांगितलं होतं, कुठे मान खाली न घालता. तिच्याबद्दल वाईट शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. गावातल्या बायका नवऱ्यांशी भांडताना त्याचा दाखला द्यायच्या.

तो किल्ल्यावर परतला तेव्हा बोहदाना कचेरीत जमिनीवर बसली होती. खिडकीची काच फुटून तिच्याभोवती पसरली होती. टेबलावर वीट होती.

"डोक्यावरून गेली," ती म्हणाली. "बस झालं, काका. देते त्यांना हवा तसा सिनेमा. उतरू दे त्यांच्या राजपुत्राला."

"एक प्रसंग बदलायचा नाही!"

ओटाकारचा चढलेला आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. तो स्वतःही जरा चपापला. मग खाली बसून तिच्याजवळच्या काचा वेचू लागला.

"पोरी, बाई निघाली की निघाली," तो हळू म्हणाला. "मागून दोर सोडून काय हाती लागतं? मला विचार."

बोहदानाचे डोळे भरून आले. "तुमच्यासारखे आणखी चार पुरुष असते ना या देशात..."

ती नेटाने टिकली, पण सिनेमा काढणारी कंपनी टिकली नाही. जाहिरातदार गळाले, चित्रपटगृहांनी तारखा द्यायला नकार दिला. दहाव्या दिवशी प्रागहून फोन आला. तो ठेवून बोहदाना अंगणात आली. ओटाकार विहिरीवरचं लोखंडी झाकण झाडत होता. त्यावर बसून फोटो काढायला दर शनिवारी नवरानवरी यायची आणि फुलांचा कचरा करून जायची.

"वाकले ते," ती म्हणाली. "राजपुत्र उतरणार. जुन्यासारखाच."

ओटाकारचा झाडू थांबला. "स्टुडिओत विहीर उभारतील की."

"खोटी चालणार नाही म्हणाले लोक. याच विहिरीत. उद्या झाकण काढून तळ साफ करणार आहेत." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माफ करा काका. तुम्ही एकटे माझ्यासाठी उभे राहिलात."

"हं," ओटाकार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगण गच्च भरलं. मिलोस्लावाने टोपल्या भरभरून कोलाच आणले होते. एक तिने ओटाकारच्या हातात कोंबला. "घे रे. जिंकल्यावर राग कसला ठेवायचा?"

कामगारांनी गंजलेले बोल्ट कापले. झाकण करकरत बाजूला सरकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एका कामगाराने कमरेला पट्टा बांधला, दिवा लावला. गर्दी आवरायला आलेला हवालदार स्वातोप्लुक कठड्याशी उभा होता. ओटाकार गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेला.

"त्याला थांबव," तो म्हणाला. "आधी तू उतर."

"मी?" स्वातोप्लुकने स्वतःच्या पोटावर थाप मारली. "मी काय राजपुत्र आहे होय?"

आजूबाजूचे हसले. ओटाकार हसला नाही. हवालदाराने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात वर करून कामगाराला थोपवलं.

"काय झालं, ओटाकार?"

"व्लास्ता हे गाव सोडून कधी गेलीच नाही."