आठपटीची दुर्बीण

दुर्बीण डोळ्यांना लावली आणि दुकानासमोरचं उंबराचं झाड नाचायला लागलं. माझे हात हल्ली थरथरतात.

"आई, पुरे आता," मुलगा म्हणाला. "तुला पक्षी दिसायचे नाहीत. त्यापेक्षा मोठा टीव्ही घेऊ, त्यात हवे तेवढे पक्षी बघ." दुकानदारानेही मान डोलावली.

माझं डोकंच फिरलं. ह्याच मुलाला कडेवर घेऊन मी तळ्याकाठी पक्षी बघत तासन्‌तास उभी राहिलेय!

"ही बारापटीची उचला, हिच्यात थरथरही मोठी दिसते. आठपटीची द्या," मी दुकानदाराला बजावलं. मग मुलाला म्हटलं, "तू त्या स्टुलावर बस. माझ्याकडे पाठ कर."

तो कुरकुरत बसला. त्याच्या खांद्यांवर कोपरं रोवून मी पुन्हा बघितलं. झाड थांबलं. फांदीवर तांबट बसला होता. त्याच्या कपाळावरचा लाल टिळासुद्धा स्पष्ट दिसला.

"हीच घेते."

"सोबत स्टँड देऊ का, काकू?"

"स्टँड घरचा आहे," मी म्हटलं. "आणि काय रे, रविवारी पहाटे तळ्यावर जायचंय. आत्ता जरा हळू श्वास घे, तांबट हलतोय."