विशालच्या पानावर काय वाढायचं

"हे मेक्सिकन नव्हे," म्हणत गोदावरीनं पिझ्झ्याची बशी वेटरकडे सरकवली.

"अक्का, वर मका हाय, ढबू मिरची हाय, चीज हाय. आणि काय पायजे?"

"तू गेलायस का मेक्सिकोला?"

"मी हावेरीच्या पलीकडं गेलेलो नाही, अक्का."

शेजारी बसलेली रूपाली, गोदावरीच्या दिराची मुलगी, हसू दाबत होती. सकाळपासून तिनंच काकूला स्कूटरवर मागं बसवून हिंडवलं होतं. विद्यानगरातल्या कॅफेत मेक्सिकन सँडविच, आत बटाटा. गोकुळ रोडला मेक्सिकन डोसा. धारवाडच्या वाटेवर, रायापूरजवळ, मेक्सिकन राईस, म्हणजे टोमॅटोभातच, फक्त महाग. तिथं गोदावरीनं विचारलं होतं, "कांदा-लसूण न घालता मिळेल?" मालक खूश. "मिळेल की! जैन मेक्सिकन!"

उद्या विशालचं वर्षश्राद्ध होतं.

विशाल, तिचा एकुलता एक. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीनं त्याला मेक्सिकोला पाठवलं, केरेतारो नावाच्या शहरात. सुट्टी मिळेल मिळेल म्हणता वर्षं गेली. मग मागच्या साली, कामावरून परतताना, एक ट्रक

हे वाक्य गोदावरी पुरं करत नाही.

ती रोज फोनवर विचारायची, "जेवलास का रे?" आणि तो रोज सांगायचा, "आई, इथलं जेवण एक नंबर! टाको म्हणतात. मक्याची पोळी, आत राजमा. तुझ्या हातचं विसरलो बघ."

हसत म्हणायचा. तिनंही हसून घेतलं होतं. पण पोर गेलं आणि ते शेवटचं वाक्य तेवढं घरात राहिलं.

"गोदा, श्राद्धाच्या पानावर पिझ्झा वाढणार होय?" रात्रीच्या जेवणाला बसताना गणपत, तिचा नवरा, म्हणाला. दुर्गदबैलच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान बंद करून तो नुकताच आला होता. "अगं, माझे आजोबा पान टाकून उठतील."

"उठू देत. पान विशालचं आहे."

"तुझ्या हातचं काहीही वाढ. खाईल."

"विसरलो म्हणाला होता."

 गणपतनं कोशिंबीर दोनदा मागून घेतली.

शेवटी रूपालीलाच सुचलं. विशाल ज्या बाईंच्या घरी राहायचा, जेवायचा, त्या लूपेबाईंचा नंबर होता. त्यांनीच त्याचं सामान पाठवलं होतं. रूपालीनं फोनकडून भाषा बदलून घेतली आणि लिहून विचारलं: विशालला तुमच्याकडचं सगळ्यात जास्त काय आवडायचं? त्याच्या आईला ते करायचं आहे.

सकाळ. केळीचं पान. वर मीठ. डावीकडे आमसुलाची चटणी. उजवीकडे गवारीची भाजी. वडे, खीर. मधोमध

मधोमध अजून काही नाही. भटजी यायचे होते. आणि फोन वाजला.

पडद्यावर पिकल्या वेणीची एक जाडजूड बाई. तिच्याकडे अजून कालचीच संध्याकाळ होती. ती भराभरा बोलली. रूपालीनं आपल्या हातातला दुसरा फोन पुढं धरला आणि त्यातून मराठी यायला लागलं, तुटक, कोरडं, कुणाचंच नसलेलं.

"नमस्कार आई. प्रश्न मिळाला. माझे टाको तो खात असे. आदराने. वाकडे तोंड न करता."

"आदराने म्हणजे?" गोदावरीनं रूपालीकडे पाहिलं.

"पण रविवार. रविवारी माझे स्वयंपाकघर त्याचे. गुरांच्या खाद्याच्या दुकानातून ज्वारी आणत असे. आमच्याकडे ती गुरे खातात. आम्ही हसलो. तो निवडे. दळे. मग हात. थाप, थाप, थाप. मी म्हणाले, दाबायचे यंत्र आहे, घे. तो म्हणाला, नाही, आई हाताने करते. खाताना तो कोणाशी बोलत नसे."

गणपत दारात येऊन उभा राहिला होता.

"मग मला का सांगायचा तो..." गोदावरी एवढंच म्हणाली. रूपालीनं तेवढंच पलीकडे पाठवलं.

बाईनं हात फडक्याला पुसले. 

"मी त्याला विचारले होते, आईला खरे का सांगत नाहीस. तो म्हणाला, सांगितले तर ती रोज ताटावर बसून रडेल. मग तिचे जेवण कोण जेवेल."

गणपत खांबाकडे वळला आणि तसाच उभा राहिला.

"आई, मलाही विचारायचे आहे. लवकरच आमच्याकडे मेलेल्यांचे दिवस येतात. ते घरी येतात. टेबलावर त्यांचे आवडते मांडायचे असते. मी सगळे शहर शोधले. भारतीय हॉटेल सापडले. तिथे मैद्याची पोळी, वर लोणी. मी म्हणाले, हे विशालचे नव्हे. आता मी स्वतः करते. पाहा."

पडदा हलला. ओटाभर पीठ. परातीत गोळा. तव्यावर चहूबाजूंनी भेगाळलेलं, मधून फाटलेलं, गोल होऊ पाहणारं काहीतरी.

गोदावरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती फोनवर पुरती वाकली होती.

"अगं बाई, गार पाण्यात भिजवलंस होय? फाटणारच ती! रूपाली, सांग तिला, ते बाजूला ठेव म्हणावं. आधी पाणी उकळायला ठेव. आणि घाबरू नकोस म्हणावं, मी इथंच आहे."