गाडीखाली

पिकअपची उजवी बाजू खाली कोसळली तेव्हा महारुद्र गॅरेजच्या फळीवरून पाना काढत होता. लिफ्टची तार फाडकन तुटली, फरशी हादरली आणि त्याने वळून पाहिलं तर धुरळ्यात काही दिसेना. मग खालून त्याच्या चुलतभावाचा, रामहरीचा आवाज आला.

"हात लावू नगंस. थांब जरा."

रामहरीचं डोकं, छाती आणि एक हात तेवढा बाहेर होता. बाकीचा तो गाडीखाली. लिफ्टच्या डाव्या खांबाने आपली बाजू अजून धरून ठेवली होती, त्यामुळे गाडी तिरपी होऊन त्याच्या कमरेवर टेकली होती. तार तुटली तरी गाडी जागच्या जागी राहावी म्हणून दोन्ही खांबांत लोखंडी खटके असतात. याही लिफ्टला होते. पण गाडी खाली घ्यायची म्हटली की दर वेळी दोन्हीकडे जाऊन ते सोडवावे लागायचे. त्या कंटाळ्यापायी कधीतरी बारीक तारेने ते मागे ओढून बांधून टाकले होते. कोणी बांधले, हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

पिकअपचा मालक सिताराम दारात चहा पीत बसला होता. तो उठला, वाकून पाहिलं आणि कापसाच्या जिनिंगच्या दिशेने पळत सुटला. सेलूच्या बाहेर, त्या भर दुपारी, माणसं मिळतील असं जवळ तेवढंच ठिकाण होतं.

महारुद्रने अँब्युलन्सला फोन लावला. निघालीय, म्हणाले. मग त्याने जॅक ओढत आणला आणि गाडीखाली सरकवला. दांडा दोनदा दाबला. गाडी बोटभर वर आली आणि दुसऱ्या बाजूला करकरत सरकायला लागली. अजून थोडी सरकली असती तर डाव्या खांबावरूनही सुटली असती. त्याने घाईने जॅक सोडला. ते वजन पुन्हा भावाच्या अंगावर आलं, तेव्हा रामहरी ओरडला नाही. नुसता तोंड उघडं ठेवून वर पाहत राहिला.

"दादा, चुकलं माझं."

"ऱ्हाऊ दे. माणसं येऊ दे."

महारुद्र खाली बसला. रामहरीचं डोकं उचलून त्याने आपल्या मांडीवर घेतलं. आयुष्यभर तो गाड्या उचलत आला होता. चारी बाजूंना पाने होते, पहारी होत्या, साखळ्या होत्या. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

"माझे पाय हायेत का, बग बरं."

"हायेत."

"मला कळंनात."

तेवढ्यात रामहरीच्या खिशातला फोन वाजला. खिसा शर्टाचा होता, वरचा. महारुद्रने काढून पाहिलं. राजेश्री वहिनीचा होता.

"तू उचल," रामहरी म्हणाला. "नीट बोल."

महारुद्रने फोन कानाला लावला.

"भाऊजी, तुमी का उचलला? त्यांना द्या की."

"ते गाडीखाली हायेत, वहिनी."

"बरं बरं, करू द्या काम. अर्पिताच्या चपलेचा अंगठा तुटलाय. येताना नवीच घेऊन या म्हणावं. उद्या शाळेत कवायत हाय तिची."

"सांगतो."

"आन लवकर निगा म्हणावं आज."

"सांगतो, वहिनी."

फोन बंद झाला. रामहरीने विचारलं, "काय म्हणायलीय?"

"चप्पल आनायचीय अर्पिताची."

"कितवा नंबर?"

महारुद्रला माहीत नव्हतं. रामहरी आठवत राहिला. त्याचे ओठ हलत होते. मग म्हणाला, "लय थंडी वाजायलीय रे." बाहेर रस्त्यावरचं डांबर उन्हाने मऊ पडलं होतं. महारुद्रने अंगातला शर्ट काढून त्याच्या छातीवर टाकला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. रामहरीनेही घट्ट धरला. काही वेळ तसाच गेला. पुढे महारुद्रच्या ध्यानात आलं, की आपणच तेवढे धरून आहोत.

"दादा," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला.

जिनिंगची माणसं धावत आली. डोक्याला, भुवयांना कापूस चिकटलेला. पुढे त्यांचा मुकादम भगवानराव. त्याने एकदा खाली पाहिलं, काय समजायचं ते समजला, पण आलेल्या माणसांना काही बोलला नाही. "धरा सगळीकडून," एवढंच म्हणाला. माणसांनी गाडीला चहूबाजूंनी हात घातले आणि एका दमात ती उचलली. किती सहज उचलली गेली. बारशाच्या पाळण्याला लावावेत तसे हात लागले होते तिला.

सितारामने आणि महारुद्रने रामहरीला काखेत धरून बाहेर ओढलं. भिंतीपाशी आणून निजवलं. महारुद्र त्याच्याजवळ मांडी घालून बसला, आपल्या बनियनने त्याच्या गालावरचं काळं ऑइल पुसायला लागला. गालावरचं झालं, मग कपाळावरचं, मग कानामागचं. सिताराम उभ्या उभ्या रडायला लागला.

माणसं गाडी धरून तशीच उभी होती. त्यांचे दंड थरथरायला लागले होते.

"भाऊ," भगवानरावने हळूच विचारलं, "आता ठेवावी का खाली?"

महारुद्रने मान वर केली नाही. थोडं थांबून भगवानरावने पुन्हा तेच विचारलं.